लिलावाच्या गलक्यात निसटणारा आकडा : केमोथेरपीनंतरच्या विस्मरणाचे एक प्रकरण

दापोली तालुक्यातील हर्णै बंदरावर सकाळी आणि संध्याकाळी मासळीचा लिलाव भरतो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, किनाऱ्याला लागलेल्या होड्या, बैलगाड्यांतून उतरणाऱ्या टोपल्या आणि एकाच वेळी चार-पाच ठिकाणी पुकारली जाणारी बोली, अशा गलक्यात जवळपास तीस वर्षे मासळी घेऊन ती बाजारात विकणाऱ्या ५२ वर्षांच्या एका बाईंचे हे प्रकरण आहे. त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ते येथे मांडत आहे. किनाऱ्यावर त्यांना लहानथोर सगळेच काकी म्हणतात, म्हणून येथेही तेच नाव ठेवते.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी काकींनी कोळंबीच्या तीन टोपल्या, दर टोपलीला २,४०० रुपयांच्या बोलीने घेतल्या आणि पैसे देताना भाव २,१०० ठरला असल्याचे ठामपणे सांगितले. २,१०० हा आकडा त्यांनी मनाने रचला नव्हता. शेजारच्या ढिगावर हलवा माशाची बोली चालली होती, तिथला तो भाव होता. दलालाने आधी समजावले, मग आवाज चढवला आणि शेवटी चौघांदेखत, "काकी, केसांबरोबर डोकंपण गेलं काय?" असे बोलून गेला. काकींनी फरकाचे ९०० रुपये दिले, मासळी तशीच जाऊबाईंच्या हवाली केली आणि त्यानंतर अकरा दिवस त्या बंदराकडे फिरकल्या नाहीत. बाराव्या दिवशी जाऊबाई त्यांना स्मृतीच्या तपासणीसाठी घेऊन आमच्याकडे आल्या.

आदल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या सुमारास काकींच्या डाव्या स्तनातील गाठीचे निदान झाले होते. शस्त्रक्रियेनंतर मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात दर तीन आठवड्यांनी डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड या केमोथेरपीच्या औषधांचे चार डोस, त्यानंतर दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेलचे बारा डोस आणि शेवटी रेडिएशनच्या १५ बैठका असा उपचार झाला. या काळात त्या नणंदेच्या घरी राहिल्या आणि अधूनमधून खेडपर्यंत रेल्वेने येऊन घर बघून जात. केमोथेरपीच्या दरम्यान मासिक पाळी थांबली ती परत आली नाही. गाठ संप्रेरकांना प्रतिसाद देणारी असल्यामुळे एप्रिलपासून टॅमॉक्सिफेन ही संप्रेरकांचा परिणाम रोखणारी गोळी सुरू झाली. जून-जुलैत मासेमारी बंदीच असते, त्यामुळे काकी प्रत्यक्ष धंद्यात परतल्या त्या ऑगस्टमध्ये, आणि आपल्यात काहीतरी बदलले आहे हे त्यांना तेव्हाच कळले. घरी बसून असताना त्याचा पत्ता लागला नव्हता.

पहिल्या भेटीत जाऊबाईच बोलल्या. काकी "थकवा आहे" एवढेच म्हणाल्या. दुसऱ्या भेटीत, जाऊबाई केसपेपर काढायला बाहेर गेल्या असताना, त्यांनी आवाज खाली आणून सांगितले, "मॅडम, परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं ही कुठली मासळी, आणि मला पापलेट हा शब्दच येईना. समोर ठेवलंय, कल्ला उघडून ताजं आहे ते दाखवते आहे, पण नाव नाही. मग भाव सांगितला आणि वेळ मारून नेली." त्यानंतर बाकीचे बाहेर आले. एका हॉटेलवाल्याची उधारी दोनदा मागितली गेली होती. भात लावून अंगणात गेल्यावर कुकरच्या शिट्ट्या ऐकूनही तो आपणच लावला आहे हे ध्यानात आले नव्हते. आणि, जे त्यांनी सर्वांत शेवटी सांगितले, टॅमॉक्सिफेनने डोके मंद होते असे कुणीतरी म्हटल्यामुळे १७ दिवसांपूर्वी त्यांनी ती गोळी स्वतःच बंद केली होती.

घरात प्रत्येकाकडे या विस्मरणाचे कारण तयार होते. सासूबाईंनी देवाला कौल लावून नारळ दिला होता. मुलगा वयाकडे बोट दाखवत होता. सुनेने मोबाइलवर शोधून कर्करोग मेंदूत पसरल्याची धास्ती घेतली होती आणि ती कुणाला बोलून न दाखवता रात्र रात्र जागत होती. तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, असलेले पती महिन्यातले बरेच दिवस समुद्रावर असत आणि घरी असले की या विषयावर गप्प राहत. काकी नेमके काय विसरतात आणि काय विसरत नाहीत, हे मात्र कुणी विचारले नव्हते, आणि माझ्या मते या प्रकरणाची उकल त्याच प्रश्नात होती.

सुनेची भीती निराधार म्हणून झटकून टाकण्यासारखी नव्हती. स्तनाचा कर्करोग झालेल्या व्यक्तीच्या विचारशक्तीत बदल दिसला, तर मेंदूत प्रसार झालेला नाही याची खात्री करावीच लागते. काकींचा एमआरआय निर्दोष आला आणि त्या घरातल्या दोन माणसांना तरी झोप लागली. रक्ताच्या तपासण्यांत थायरॉइड ठीक होते, हिमोग्लोबिन १०.४ इतके कमी होते आणि जीवनसत्त्व बी-१२ अवघे १६८ पिकोग्रॅम. मासळीत बी-१२ भरपूर असते, त्यामुळे जन्मभर मासळी खाणाऱ्या बाईच्या अहवालात हा आकडा पाहून मीही थबकले. उलगडा औषधांच्या यादीत होता. मधुमेहासाठी त्या सहा वर्षे मेटफॉर्मिन घेत होत्या, आणि ते दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ चे शोषण कमी होते. त्यात केमोथेरपीच्या सहा महिन्यांत मासळीचा वासही सहन होत नव्हता, म्हणून ताटातली मासळी गेली होती. त्याच यादीत अल्प्राझोलामची रात्रीची गोळीही होती. केमोथेरपीच्या काळात झोपेसाठी म्हणून थोड्या दिवसांकरिता दिलेली ही गोळी जुन्याच चिठ्ठीवर अद्याप चालू होती. नवी माहिती मनात उतरण्याच्या क्रियेत या गटातील औषधे अडथळा आणतात, हे चांगले माहीत असलेले आहे. शिवाय टॅमॉक्सिफेनमुळे अंगातून वाफा निघून रात्री तीन-चारदा जाग येत असे. म्हणजे 'केमोमुळे विसरतात' असे एका वाक्यात सांगण्याआधी, केमोथेरपीशी थेट संबंध नसलेली आणि बरीचशी दुरुस्त होण्याजोगी चार कारणे समोर उभी होती.

प्रश्न चाचणीत अधिक बिकट झाला. आमच्याकडे येण्यापूर्वी एका डॉक्टरांनी मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट या ३० गुणांच्या चाचणीची मराठी आवृत्ती वापरून पाहिली होती. शिक्षण कमी असल्याचा एक जादा गुण धरून काकींना २७ गुण मिळाले होते. २६ आणि त्यावरील गुण सामान्य मानले जातात, म्हणून "तुम्हाला काहीही झालेले नाही" असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले. हे वाक्य धीर देण्यासाठी उच्चारले गेले असणार, पण काकींनी त्याचा अर्थ आपण सोंग करतो असे डॉक्टरांना वाटते, असा लावला. ही चाचणी मुख्यतः स्मृतिभ्रंशाची सुरुवात हेरण्यासाठी आहे, आणि केमोथेरपीनंतर येणारा सूक्ष्म मंदपणा तिच्या जाळीतून सहज निसटून जातो.

मी त्यांना बारा शब्दांची यादी तीनदा वाचून दाखवली. पहिल्या वेळी त्यांना चार शब्द सांगता आले, तिसऱ्या वेळी नऊ. पंचवीस मिनिटांनंतर, यादी पुन्हा न ऐकवता, त्यांनी आठ सांगितले, आणि मोठ्या यादीतून आधीचे शब्द ओळखायला लावले तेव्हा बाराच्या बारा अचूक ओळखले. अल्झायमरमध्ये चित्र साधारण याच्या उलट असते. तिथे काही मिनिटांतच यादी पुसली जाते आणि शब्द समोर ठेवले तरी ओळख पटत नाही. काकींचे साठवण शाबूत होते. माहिती आत घेण्याला वेळ लागत होता आणि हवी तेव्हा ती बाहेर काढणे जड जात होते. आकडे उलट क्रमाने म्हणताना त्या तीन आकड्यांवर अडल्या. अमुक अक्षराने सुरू होणारे शब्द सांगा, ही नेहमीची चाचणी चौथीपर्यंत शिकलेल्या व्यक्तीवर अन्याय करते, म्हणून मी एका मिनिटात माशांची नावे सांगायला लावली. काकींनी अकरा सांगितली. शेजारी बसलेल्या जाऊबाईंनी हौसेने त्यांच्यानंतर आपलाही नंबर लावला आणि, काकींची अकरा नावे नुकतीच ऐकलेली असल्याचा फायदा धरूनही, एकोणीसवर पोहोचल्या. काकी हसल्या खऱ्या, पण त्या हसण्याने मला माझाच निर्णय चुकल्याचे कळले. ही चाचणी जाऊबाईंसमोर घ्यायला नको होती.

कर्करोगाच्या उपचारांनंतरच्या या तक्रारीला जगभर केमोब्रेन म्हणतात. नाव सुटसुटीत असले तरी पुरते खरे नाही, कारण काही रुग्णांच्या चाचण्यांत केमोथेरपी सुरू होण्यापूर्वीच मंदपणा आढळतो. खुद्द आजार, शस्त्रक्रिया, काळजी, झोपेचा अभाव आणि संप्रेरकांतील बदल यांचा त्यात वाटा असतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात स्तनाच्या कर्करोगाच्या ५८१ रुग्ण आणि ३६४ निरोगी स्त्रिया यांची तुलना झाली. उपचारांपूर्वीची स्थिती आणि केमोथेरपी संपल्यानंतर सहा महिन्यांनी असलेली स्थिती ताडून पाहता, रुग्णांपैकी ३६.५ टक्के स्त्रियांना आपली विचारशक्ती घटल्याचे जाणवत होते. तेवढ्याच काळात निरोगी स्त्रियांत हे प्रमाण १३.६ टक्के होते. नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या संशोधकांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुन्या पद्धतीची केमोथेरपी घेतलेल्या १९६ स्त्रियांची सरासरी वीसेक वर्षांनंतर तपासणी झाली, तेव्हाही शब्दस्मृती आणि विचारांचा वेग यांत लहानसा, पण दखल घ्यावा असा फरक टिकून होता. काकींना दिलेली औषधे वेगळी होती, त्यामुळे तो निष्कर्ष त्यांना जसाच्या तसा लावता येत नाही.

असे का होते याचे उत्तर अजून तुकड्यातुकड्यांत आहे. डॉक्सोरुबिसिन मेंदूत फारसे शिरत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यातील पडदा त्याला अडवतो. मात्र त्यामुळे शरीरात टीएनएफ-अल्फासारखी दाह वाढवणारी जी द्रव्ये तयार होतात, त्यांचा परिणाम मेंदूपर्यंत पोहोचतो. स्टॅनफर्ड येथील उंदरांवरच्या प्रयोगांत, मेथोट्रेक्सेट या औषधाने मेंदूतील मायक्रोग्लिया नावाच्या पेशी चेतावतात आणि मज्जातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशींची वाढ बिघडते, असे दिसले आहे. ते औषध काकींना दिलेले नव्हते, पण मेंदूतील संदेशांचा वेग का मंदावत असावा याची कल्पना त्या प्रयोगांवरून येते.

हे सगळे कागदावर जुळत होते, तरी बंद खोलीत त्या इतक्या बऱ्या आणि बंदरावर इतक्या अडखळतात का, हे सुटत नव्हते. म्हणून डिसेंबरातल्या एका संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर लिलावाला गेले आणि त्यांच्या हातांकडे पाहत उभी राहिले. पूर्वी काकी नोटा कमरेपाशी धरून, न बघता, बोटांनी मोजत असत आणि कान बोलीकडे ठेवत. हे जाऊबाईंनी सांगितले आणि स्वतः करूनही दाखवले. आता पॅक्लिटॅक्सेलमुळे काकींच्या बोटांची टोके बधिर झाली होती, आणि बी-१२ च्या कमतरतेने त्यात भर घातली असावी. ओल्या नोटा एकमेकींना चिकटल्या तर बोटांना कळत नव्हते, म्हणून त्यांना मान खाली घालून एकेक नोट डोळ्यांनी मोजावी लागे. त्या मान खाली घालत आणि तेवढ्यात बोली पुढे जाई. काकी म्हणाल्या, "आकडा ऐकते मॅडम, पण नोटा बघून होईपर्यंत तो गेलेला असतो, आणि त्याच्या जागी बाजूचा आकडा येऊन बसतो." ज्या कामाला पूर्वी लक्ष लागतच नव्हते, त्याला आता सगळे लक्ष लागत होते. लिलावाचा गलका मी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केला आणि परतल्यावर तो चालू ठेवून उलट आकड्यांची चाचणी पुन्हा घेतली. काकी तीनवरून दोनवर आल्या. ही काही प्रमाणित चाचणी नव्हे आणि मी ती अहवालात गुणांसह लिहिली नाही, पण काकींना स्वतःच्या अडचणीचा पुरावा पहिल्यांदा तिथे मिळाला.

औषधांचा भाग तुलनेने सरळ गेला. बी-१२ ची इंजेक्शने आणि लोह सुरू झाले. अल्प्राझोलाम एकदम तोडणे धोक्याचे असल्यामुळे डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठ आठवड्यांत उतरवत बंद केले. टॅमॉक्सिफेनचा स्मृतीवर थोडा परिणाम होतो हे अभ्यासांत दिसलेले आहे आणि काकींपासून ते लपवण्यात अर्थ नव्हता. त्याचबरोबर, पाच वर्षे ही गोळी घेतल्याने पुढील पंधरा वर्षांतील या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, हेही त्यांना आकड्यांनिशी सांगितले. "तीन टोपल्यांतली एक वाचते म्हणा," असे म्हणून त्यांनी त्याच रात्री गोळी पुन्हा सुरू केली. स्मृतिभ्रंशात वापरले जाणारे डोनेपेझिल द्यावे का, असे सुनेने विचारले होते. केमोथेरपी घेतलेल्या स्त्रियांवर त्याची रीतसर चाचणी झाली आहे आणि फायदा आढळलेला नाही, म्हणून तो विचार सोडला. रोज अर्धा तास वेगाने चालणे सुचवले, आणि ते त्यांनी ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर चालून पाळले.

धंद्यातील उपाय मात्र दोनदा फसले. मी आधी खिशातली वही सुचवली. ओल्या, माशाच्या वासाच्या हातांनी आणि चौथीच्या लिहिण्याच्या वेगाने ती दोन दिवसही टिकली नाही. मग मोबाइलवर स्वतःच्या आवाजात भाव नोंदवायला सांगितले. संध्याकाळी घरी ऐकले तर लाटा, बैलगाडीची चाके आणि पाचजणांच्या आवाजांत काकींचा आवाज सापडेना. उपाय शेवटी काकींनीच काढला. जाळे विणण्याच्या नायलॉनच्या दोऱ्याचे वीतभर तुकडे त्या कनवटीला खोचून नेऊ लागल्या. बोली ठरली की नोटांना हात लावण्याआधी दोऱ्याला गाठ मारायची, हजाराला मोठी आणि शंभराला बारीक, आणि तो दोरा टोपलीच्या कडीला बांधायचा. दोन मोठ्या, चार बारीक म्हणजे २,४००. हिरवा दोरा एका दलालाचा, निळा दुसऱ्याचा. बधिर बोटांना ओल्या नोटा कळत नसल्या तरी गाठ मारणे लहानपणापासून हाडीमाशी खिळलेले होते आणि गाठीचा जाडपणा त्यांना नीट लागत होता. पैसे मोजणे जाऊबाईंकडे गेले. मासळीची पारख आणि बोली काकींकडे राहिली, कारण कल्ल्याचा रंग आणि डोळ्याची चमक पाहून भाव लावण्याचे त्यांचे ज्ञान कणभरही उणावलेले नव्हते.

घरच्यांसोबत दोन बैठका झाल्या. "आठवतंय का बघ" असे वारंवार विचारण्याऐवजी आठवणीचे एक टोक हाती द्यावे, म्हणजे 'काल वळणावर कोण भेटलं?' असे विचारावे, हे मुलाने लवकर उचलले. सासूबाईंचा नारळ आम्ही वादात आणला नाही. पतींनी एकच प्रश्न विचारला, "हे आधी का सांगितलं नाही?" उपचारांपूर्वीच्या संमतिपत्रात केस गळणे, उलट्या, संसर्ग, थकवा यांचा उल्लेख होता, स्मृतीबद्दल एकही ओळ नव्हती. असे काही होऊ शकते आणि बहुतेकांत ते हळूहळू निवळते, एवढे आधी कानावर असते, तर ऑगस्ट ते नोव्हेंबर या चार महिन्यांत काकींनी ते लपवण्यात जी ताकद घालवली ती वाचली असती, असे मला वाटते. त्या प्रश्नाला माझ्याजवळ दुसरे उत्तर नव्हते.

मेच्या शेवटी फेरतपासणी झाली. बी-१२ ४१० वर आले होते. यादीतील बारांपैकी पहिल्याच वेळी सहा शब्द आणि उशिराने दहा शब्द आले, माशांची नावे पंधरावर गेली. बोटांचा बधिरपणा थोडाच उतरला होता. सुट्टीच्या दिवसांत पर्यटकांची गर्दी झाली की काकी अजूनही संध्याकाळचा लिलाव टाळतात आणि सकाळचाच धरतात. पापलेट हा शब्द त्यानंतर अडला नाही, पण एकदा सुरमई अडली, आणि त्या वेळी त्यांनी गिऱ्हाइकालाच "काय म्हणतात हिला, सांगा बघू" असे विचारून हसण्यावारी नेले. सुधारणेतील कितीसा वाटा बी-१२ चा, किती बंद केलेल्या गोळीचा, किती सरलेल्या काळाचा आणि किती दोऱ्यांचा, हे एका प्रकरणावरून वेगळे काढता येणार नाही.

१ जूनपासून बंदी लागली. गाठींचे दोरे धुऊन पडवीतल्या खुंटीला टांगले आहेत. पुढची तपासणी जुलैत ठेवावी असा माझा बेत होता, तो काकींनी मोडून काढला. लिलावच नसेल तर डोके कसे चालते ते मला तरी काय कळणार, असे त्यांचे म्हणणे पडले, आणि ते बरोबर होते. तारीख आता नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यातली धरली आहे.